परसातला शरद

शरद ऋतू आला की नाही, हे ठरवायला पंचांग उघडावे लागते असे ज्यांना वाटते, त्यांच्या घराला परसदार नसावे. आमच्या घराला ते आहे. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचे परस आता चांगले ओळखीचे झाले आहे. वीस फूट रुंद, तीस फूट लांब. एका अंगाला विहीर नव्हे, नुसती बोअर. मधोमध तुळशी वृंदावन, भिंतीलगत पारिजातक, कोपऱ्यात सीताफळ, मोरीच्या पाण्यावर पोसलेले अळू आणि कुंड्यांतून झेंडू नि शेवंती. वैभव म्हणावे असे त्यात काही नाही. पण गारखेड्यात आज एवढी उघडी माती ज्याच्या दारी आहे, त्याने स्वतःला जमीनदारच समजावे.

१९८४ साली आम्ही इथे घर बांधले तेव्हा गावातली नातेवाईक मंडळी आम्हांला विचारीत, "अहो, इतक्या लांब जंगलात राहायला कशाला जाता?" तेव्हा आजूबाजूला ज्वारीची शेते होती आणि रात्री कोल्हे ऐकू येत. आज विभागीय क्रीडा संकुल, सूतगिरणी चौक, गजानन महाराजांचे मंदिर ही ठिकाणे सांगितली की रिक्षावाला आणखी काही विचारीत नाही. शहर आमच्या पुढे निघून गेले. आमच्या गल्लीत एकेक बंगली पाडून तिथे चार मजले उभे राहिले. ज्या बंगल्या उरल्या, त्यांच्या अंगणांत फरशा बसल्या. मातीचे अंगण उरले आमचे आणि पलीकडच्या दोघांचे.

यंदा या परसाकडे मी जरा जास्तच लक्ष देऊन पाहिले. त्याला दोन कारणे. एक कारण नऊ वर्षांचे आहे, आणि दुसरे सांगण्याआधी पहिले सांगणे बरे.

आमची नात इंग्रजी शाळेत जाते. तिला शाळेतून काम मिळाले होते, "शरद ऋतूची लक्षणे शोधून लिहा." पुस्तकात चित्र होते: लालभडक पानांचे झाड, खाली पिवळ्या पानांचा सडा आणि त्यात लोळणारा लोकरी टोपीतला एक मुलगा. पोर वही घेऊन परसात गेली आणि अर्ध्या तासाने हिरमुसली होऊन परत आली.

"आजी, आपल्याकडे ऑटम येतच नाही. सगळी पानं हिरवीच आहेत."

म्हटले तर तिचे निरीक्षण अगदी अचूक होते. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे माझ्यातली बाई लगेच जागी झाली. तिला समोर बसवून सांगितले की, बाळ, ते चित्र खोटे नाही, पण ते दुसऱ्या अंगणातले आहे. इंग्लंड-अमेरिकेकडे पुढे बर्फाचे दिवस असतात. गोठलेल्या जमिनीतून झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून ते आधीच पाने टाकून मोकळे होते. आपल्याकडे झाडाला धाक थंडीचा नाही, कोरड्या दिवसांचा आहे. म्हणून आपली पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात. आपला कडुनिंब तेव्हा झडतो आणि दारात रोज घमेलेभर पाने पडतात, तो तुझा "ऑटम". आश्विन-कार्तिकातला आपला शरद पाने गाळायला येत नाही. पावसाने धुऊन ठेवलेले सगळे आवरून, वाळवून, पिकवून द्यायला येतो.

"मग त्याची लक्षणं कुठली?" तिने पेन्सिल सरसावली.

मग आम्ही दोघी रोज सकाळी परसात जाऊ लागलो. वाचकहो, त्या वहीतलेच थोडे आज तुम्हांला सांगते.

पहिले लक्षण उजेडाचे. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र सारखी होते आणि मग दिवस मिनिटामिनिटाने आखडू लागतो. जूनमध्ये आपल्याकडे दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो, तो दिवाळीपर्यंत साडेअकरा तासांच्या आसपास येतो. सूर्य दक्षिणेकडे सरकतो. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर पावसाळाभर जिथे ऊन येत नाही, तिथे आश्विनात सकाळी एक सोनेरी पट्टा पडतो आणि दिवसेंदिवस आत शिरतो. नातीने ओट्यावर खडूने खुणा केल्या. पंधरा दिवसांत पट्टा वीतभर आत आला. मला वाटते, भूगोलाच्या पुस्तकातली चार पाने त्या एका वीतभर उन्हात होती.

दुसरे लक्षण दवाचे. मोसमी वारे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मराठवाड्यातून काढता पाय घेतात. आभाळ मोकळे होते. दुपारी पारा बत्तीस-तेहतीसवर जाऊन "ऑक्टोबर हीट" म्हणून आपण कुरकुरतो खरे, पण तेच मोकळे आभाळ रात्री जमिनीची ऊब वर निघून जाऊ देते. पहाटे गारवा येतो आणि अळूच्या पानावर मोत्यांचा हिशेब मांडलेला दिसतो. कोळ्यांची जाळी एरवीही असतात, पण दिसतात ती या दिवसांत. झेंडूच्या दोन कुंड्यांमध्ये एवढे मोठे जाळे होते, हे दवाने चुगली केल्यावरच आम्हांला कळले.

तिसरे लक्षण चतुरांचे. एका दुपारी परसावर पिवळसर चतुरांचा थवाच तरंगत होता. नात म्हणाली, "हेलिकॉप्टरं!" हे किडे पावसाळ्यात डबक्यांतून वाढतात आणि शरदात निघतात. कुठे? मालदीवात राहून समुद्री जीवांचा अभ्यास करणारे चार्ल्स अँडरसन यांनी पाहिले की, दरवर्षी ऑक्टोबरात त्या बेटांवर चतुरांची झुंबड उडते, आणि तिथे तर त्यांना वाढायला गोडे पाणीही फारसे नाही. २००९ साली त्यांनी मांडले की, हे चतुर भारताकडून वाऱ्यावर स्वार होऊन येतात आणि मालदीववरून पुढे पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. परतीचा प्रवास पुढच्या पिढ्या करतात. दोन इंचांचा किडा, काचेसारखे चार पंख, आणि खाली अथांग हिंदी महासागर! आमच्या घरात मुंबईला जायचे तर चार दिवस आधी बॅगा भराव्या लागतात.

चौथे लक्षण पारिजातक. तो श्रावणातच फुलू लागतो, पण त्याचा खरा बहर आश्विनात. फुले सांजेला उमलतात आणि उजाडता उजाडता गळतात, म्हणून लिनीयसने १७५३ साली त्याला जे नाव दिले त्याचा अर्थ "दुःखी झाड" असा होतो. मला हे नाव कधीच पटले नाही. जे झाड पहाटे साऱ्या घराला ओंजळी भरायला लावते, ते दुःखी कसले! बंगाल्यांचेही हेच शरदाचे फूल. ते त्याला शिउली म्हणतात आणि दुर्गापूजेची चाहूल त्यांना त्याच्या वासाने लागते. देठातला केशरी रंग केशराच्या रंगाचाच भाऊबंद आहे, आणि पूर्वी त्याने रेशीम रंगवीत. हे झाड माझ्या सासूबाईंनी लावलेले. २०१२-१३ च्या दुष्काळात आणि पुढे २०१६ साली, मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले त्या उन्हाळ्यात, सासूबाई तांदूळ धुतलेले पाणी वाटीवाटीने या झाडाला घालीत. आज त्या नाहीत. झाडाला ते पाणी अजून आठवत असावे.

बाकीची लक्षणे भराभर सांगते. सीताफळाचे डोळे पडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी रुंदावून फिकट झाल्या, की ते उतरवायचे आणि तांदळाच्या डब्यात ठेवायचे. दौलताबादच्या रस्त्यावर टोपल्या मांडून बायका बसलेल्या दिसल्या की समजावे, आपल्याही झाडाकडे पाहायची वेळ झाली. तुळशीच्या मंजिऱ्या तपकिरी झाल्या, म्हणजे तिचे लग्न जवळ आले. झेंडू दसऱ्याला हवा तसा दसऱ्यालाच फुलला. हा मूळचा मेक्सिकोचा पाहुणा. तिकडे नोव्हेंबरच्या आरंभी लोक पितरांची वाट याच फुलांनी सजवतात, आणि आपण दाराला तोरण बांधतो. आणि एके सकाळी बोअरजवळच्या ओलीत शेपटी खालीवर हलवीत एक पांढरा धोबी पक्षी ऐटीत फिरताना दिसला. हिमालयाच्या किंवा त्याहूनही उत्तरेच्या मुलखातून आलेला तो पाहुणा आमच्या मोरीकडे अशा नजरेने पाहत होता, जशी काही त्याने ती भाड्याने घेतली आहे. नातीने वहीत लिहिले, "ऑटम आला. तो पानांत नाही, बाकी सगळीकडे आहे."

इथवरचे सगळे गोड. आता दुसरे कारण.

शरदाचे आणखी एक लक्षण आहे, ते कुठल्याही काव्यात सापडणार नाही. ताप. पूर्वीचे वैद्य शरदाला रोगांची माताच मानीत. गेल्या वर्षी याच दिवसांत नातीला डेंग्यू झाला. सहा दिवस ती रुग्णालयात होती. रक्ताचा अहवाल हातात घेऊन माझा मुलगा जिन्यात उभा असे, आणि प्लेटलेट्सचा आकडा काल किती होता नि आज किती, एवढेच आमच्या घरातले बोलणे उरले होते. पोर बरी झाली. पण त्या सहा रात्री तिच्या उशाशी जी बसली होती, त्या माझ्या सुनेच्या मनातून ते काही गेले नाही. यंदा पाऊस संपत आल्यावर ती मला शांतपणे म्हणाली, "आई, राग मानू नका. पण मागच्या अंगणात फरशी घालून घेऊ या. झाडी, ओल, डास. मला पुन्हा ते दिवस नकोत. शिवाय गाडीही आत लागेल."

वाचकहो, अशा वेळी सासूने काय बोलावे? "माझी झाडे" म्हणावे, तर समोर तिचे मूल आहे. तिचे मूल म्हणजे माझीच नात. मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. रात्री ह्यांना विचारले, तर हे म्हणाले, "तुम्ही दोघी ठरवा," आणि वर्तमानपत्रात शिरले. चाळीस वर्षांत ह्यांचे हे धोरण बदललेले नाही.

मग मी जे करता येते ते केले, वाचले आणि विचारले. तापाच्या दिवसांत गल्लीत तपासणीला येणाऱ्या आरोग्यसेविका बाईंना चहाला थांबवून घेतले. डास म्हटले की आपल्याला गटार आणि झाडी आठवते. हिवतापाचा डास रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला पकडला, तेव्हा ते गाव आणि आपले शहर एकाच निजामाच्या राज्यात होते. पण डेंग्यूचा डास निराळा. पायांवर पांढरे पट्टे, चावतो दिवसा, फार लांब उडत नाही, आणि त्याला माती लागत नाही. लागते ते साठलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. ड्रम, टाकी, कूलरचे टोपले, फ्रिजमागची ताटली, कुंडीखालची बशी, गच्चीवरचे टायर. मातीत पडलेले पाणी मुरून जाते. फरशीवरचे पाणी उताराला जाऊन एखाद्या खोलगट कोपऱ्यात थांबते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आठवड्यातून एकदा घरातले प्रत्येक भांडे रिकामे केले की त्याचा संसार मोडला. मात्र नुसते ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात, म्हणून घासलेच पाहिजे.

आता आमच्या शहरातली गोष्ट ध्यानात घ्या. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी ज्या गावाला जमिनीखालून नहरींनी पाणी खेळवले, त्या गावात वर्षानुवर्षे नळाचे पाणी कधी चार दिवसांनी, कधी आठवड्याने येत गेले. घरोघर पाणी साठवणे ही चैन नव्हती, गरज होती. म्हणजे डासाचे घर परसात कमी आणि आपल्या साठवणीत जास्त. उलट, परसावर फिरणारे चतुर डास खातात आणि त्यांची पिल्ले पाण्यात डासांच्या अळ्या खातात. तरी मी सुनेला सरळ सांगितले की, झाडी आहे म्हणून डासांना दुपारी दडायला जागा मिळते, हेही तितकेच खरे. तिची भीती वेडगळ नव्हती.

मुलगा इंजिनिअर. त्याला आकडे लागतात, म्हणून त्याच्यासाठी मी आकडेच काढले. परस वीस बाय तीस, म्हणजे सहाशे चौरस फूट, सुमारे ५५ चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. गुणाकार केला तर साडेअडतीस हजार लिटर पाणी दरवर्षी या तुकड्यावर पडते. काही वाफ होते, काही झाडे पितात, उरलेले खाली जाते आणि त्यातलेच काही आपली बोअर उन्हाळ्यात परत देते. फरशी घातली की ते सारे रस्त्यावर. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते खरवडून नेली, ते आपण पाहिले. पाणी जमिनीत जिरायला जागा नसली की ते कसे वागते, हे आता कुणी शिकवायला नको.

मुलगा कागद पाहून "हं" म्हणाला. सून काही बोलली नाही. आकड्यांनी आईची भीती जात नसते, हे मलाही ठाऊक होते.

जे घडले ते घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. संध्याकाळी दाराशी समोरच्या इमारतीतल्या एक बाई हातात वाडगे घेऊन आल्या. "काकू, घटापुरती माती द्याल का? बाजारात पुडीत मिळते, पण ती कुठली कोण जाणे." मागोमाग दुसऱ्या आल्या, मग तिसऱ्या. अंधार पडेपर्यंत सात घरे झाली. माती द्यायला सूनच बसली होती, खुरपे घेऊन, पारिजातकाच्या बुंध्याशी. शेवटी आपल्या घटाची माती तिने परडीत भरली, धान्य पेरले, आणि आत जाताना एवढेच म्हणाली, "आई, सगळ्या अंगणांना फरशी झाली, तर पुढच्या वर्षी माती आणायची कुठून?"

तिने माघार घेतली असे कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी तिने अटी मांडल्या आणि त्या मला मान्य आहेत. फाटकापासून गाडीपुरत्या दोन पट्ट्यांवर फरशी होईल. त्यासाठी अळूचा वाफा जाईल. कुंडीखालच्या बशा कायमच्या गेल्या. सीताफळाच्या खालच्या फांद्या छाटून वारा खेळता केला. टाक्यांना जाळी आणि घट्ट झाकण. दर रविवारी "कोरडा दिवस": सगळी भांडी रिकामी, घासून, उन्हात पालथी. तपासनीस नात, तिच्या हातात विजेरी, आणि तिच्या नजरेतून आजोबांचा दाढीचा मगही सुटत नाही. पुढच्या दिवाळीला पुन्हा बसायचे. मधल्या काळात घरात कुणाला तो ताप आला, तर परसाचा विचार नव्याने करायचा. ही अट मी डोळे उघडे ठेवून कबूल केली आहे.

आता थोडे शेवंतीचे. भिंतीच्या दोन बाजूंना आमच्या सारख्याच कुंड्या. आतल्या बाजूच्या शेवंतीला आश्विनात कळ्या धरल्या आणि फाटकाकडची नुसतीच पाने वाढवीत राहिली. माती तीच, खत तेच. फरक एकच, फाटकावर यंदा रात्रभर जळणारा पांढरा दिवा लागला आहे. शेवंतीला फुलायला लांब आणि अखंड रात्र लागते. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवले की, झाडे दिवसाची लांबी ओळखून फुलतात, आणि पुढे कळले की ती खरे तर रात्र मोजतात. आमच्या फाटकाकडच्या शेवंतीला वाटते आहे की अजून आषाढ चालू आहे! नातीने सायंकाळी सहाला तिच्यावर काळ्या कापडाचा बुरखा घालायचा आणि सकाळी आठला काढायचा नेम धरला. हा लेख लिहिताना तीन आठवडे झाले आहेत. शेंड्यांवर मिरीएवढ्या कळ्या दिसू लागल्या आहेत. दिवाळीला नाही, पण तुळशीच्या लग्नाला फुले मिळतील असा रंग आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे परस नाही, त्यांनी खंत करू नये. गॅलरीत एक तुळस, एक शेवंती आणि तीवर पडणारी थोडी खरी रात्र एवढ्यावरही शरद येऊन जातो. कुंडीखाली बशी मात्र ठेवू नका. जुन्या कूलरचे टोपले आजच घासून पालथे घाला. फराळाच्या गडबडीत ते राहून जाते. आणि ज्यांच्या दारी अजून हातभर माती शिल्लक आहे, त्यांनी पुढच्या घटस्थापनेला शेजाऱ्यांसाठी खुरपे दाराशी ठेवावे. मागायला आलेल्यांना ती द्यावी, आणि देताना त्यांच्या मुलांना पारिजातकाखाली घटकाभर उभे करावे.

दिवाळी सर्वांना सुखाची, आणि निरोगी जावो.